जुन्या चित्रपटांच्या वस्तूंचा संग्रह कसा सुरू करावा : नाशिकमधील नव्या संग्राहकांसाठी

‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर दादासाहेब फाळके यांनी मुंबई सोडून नाशिक गाठले आणि पुढचे चित्रपट येथेच तयार केले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या चित्रपटांची पत्रके, पुस्तिका आणि छायाचित्रे मात्र नाशिकच्या किती घरांत उरली आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण वाडे पाडले जात असताना माळ्यावरच्या पेट्या उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. मी गेली बारा वर्षे जुनी पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका आणि फोटो कार्डे जमवत आहे. सुरुवातीची तीन वर्षे मला सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे पैसे गेलेच आणि दोन-तीन चांगल्या वस्तू माझ्याच हातून कायमच्या खराब झाल्या. तुमच्या हातून तसे घडू नये म्हणून हा सारा क्रम लिहून काढला आहे.

१. आधी चित्रपट पाहा, मग वस्तू शोधा

नवा संग्राहक बाजारात जाऊन जे दिसेल ते घेतो आणि वर्षभरात घरात कागदांचा ढीग साचतो. त्याऐवजी एक साधी वही करा. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख आणि लक्षात राहिलेली एखादी गोष्ट तीत लिहा आणि त्या वहीतल्या चित्रपटांच्याच वस्तू शोधा. माझ्या वहीतील अलीकडच्या दोन नोंदींवरून याचा उपयोग ध्यानात येईल.

पहिली नोंद फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ची आहे. त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने त्यात कृष्णाची भूमिका केली आहे आणि आरंभीच ती कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. ते दृश्य पाहिल्यापासून मला मूकपटांच्या काळातील नटनटींच्या छायाचित्रांत रस वाटू लागला, कारण शब्द नसताना चेहऱ्यावर किती भार पडत असे, हे त्या मुलीकडे पाहून कळले. दुसरी नोंद मालेगावच्या हौशी चित्रपटकारांवर बेतलेल्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ची आहे. तो पाहून घरी आल्यावर जाणवले की, आपल्याच जिल्ह्यात तयार झालेल्या चित्रपटांची एकही कॅसेट किंवा पत्रक माझ्याकडे नाही. तेव्हापासून मालेगावला गेल्यावर मी त्यांची चौकशी करतो. मुंबईच्या मोठ्या चित्रपटांच्या वस्तू जपणारे पुष्कळ आहेत. आपल्या भागातल्या चित्रपटांचे कागद आपण जपले नाहीत, तर दुसरे कोणी जपेल अशी आशा मला वाटत नाही.

२. कोणत्या प्रकारच्या वस्तू असतात, हे समजून घ्या

पोस्टर सर्वांच्या ओळखीचे असते. आपल्याकडील जुने पोस्टर बहुधा ३० इंच बाय ४० इंच या मापाचे मिळते. त्याहून मोठी पोस्टरे दोन किंवा सहा तुकड्यांत छापून भिंतीवर जोडत असत, त्यामुळे मोठ्या पोस्टराचा एखादाच तुकडा हाती लागला तर तो कशाचा भाग आहे, हे आधी ताडून पाहावे.

फोटो कार्ड म्हणजे चित्रपटातील दृश्यांची छायाचित्रे चिकटवलेला जाड पुठ्ठा. तो चित्रपटगृहाच्या आवारात काचेमागे लावलेला असे. तिकीट मिळण्यापूर्वी प्रेक्षक त्या काचेसमोर घोटाळत उभे राहत, ते दृश्य पन्नाशी ओलांडलेल्या नाशिककरांना आठवत असेल.

गाण्यांची पुस्तिका हा माझा सर्वांत आवडता प्रकार आहे आणि नवख्याने तेथूनच आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ-बारा पानांच्या या पुस्तिकेत कथासार, कलावंतांची नावे आणि गाणी असत. हिंदी चित्रपटांच्या पुस्तिकांत तीच गाणी पुष्कळदा देवनागरीबरोबर उर्दू लिपीतही छापलेली आढळतात. कथासार बहुतेक वेळा ऐन रंगात आलेले असताना थांबते आणि पुढचे पडद्यावर पाहा, असे सांगते. पुस्तिका आकाराने लहान असते, जागा कमी व्यापते, पोस्टरापेक्षा स्वस्त मिळते आणि बारकाईने वाचली तर तिच्यातून पोस्टरापेक्षा अधिक माहिती हाती लागते.

यांखेरीज तबकड्या, कॅसेटी, तिकिटांचे अर्धुक आणि चित्रपटविषयक नियतकालिके आहेत. नियतकालिकांच्या बाबतीत नाशिककरांना एक विशेष लाभ आहे. ‘गावकरी’ समूहाचे ‘रसरंग’ हे साप्ताहिक येथूनच निघे आणि ते महाराष्ट्रभर वाचले जाई, त्यामुळे त्याचे जुने अंक येथील घरांत आणि रद्दीत अजूनही सापडतात.

३. हाताशी काय असावे

पुढील साहित्य घेतल्याशिवाय पहिली खरेदी करू नका. यातले काहीही महाग नाही.

- दहा पट मोठे दाखवणारे भिंग
- मोजपट्टी आणि मऊ शिशाची पेन्सिल (वस्तूवर शाईने कधीही काही लिहू नये)
- मऊ केसांचा रुंद कुंचला
- पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटे
- आम्लरहित कागद आणि पुठ्ठा
- सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र
- खरेदीच्या पावत्यांसाठी स्वतंत्र फाइल आणि नोंदवही

४. नाशिकमध्ये कोठे शोधावे

दर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, भरणाऱ्या बाजारात भाजीपाल्यापलीकडे जुन्या वस्तूंचे विक्रेतेही बसतात. तेथे सकाळी लवकर जावे. एका फेरीत काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याला काय हवे आहे, हे त्याच विक्रेत्यांना पुन्हापुन्हा सांगत राहावे. महिन्या-दोन महिन्यांनी ते स्वतःच एखादी पिशवी बाजूला काढून ठेवतात. रद्दीच्या दुकानांचेही तसेच आहे. वजनावर विकली जाणारी रद्दी गोदामाकडे जाण्यापूर्वी चाळू द्यावी, एवढीच विनंती करावी आणि चाळल्यावर गठ्ठे पूर्ववत बांधून द्यावेत. हे शेवटचे काम न करणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी उभे करत नाही.

खरा ठेवा मात्र माणसांकडे असतो. विजयानंद, सर्कल, हेमलता यांसारख्या एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात काम केलेले ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारे आणि जत्रांतून तंबूतले सिनेमे फिरवणारे यांची कुटुंबे शहरात आणि तालुक्यांच्या गावी आहेत. अशा घरी जाताना खरेदीची भाषा प्रथम काढू नये. मी एकदा एका निवृत्त ऑपरेटरकाकांकडे गेलो होतो. पहिल्या भेटीत त्यांनी चहा दिला आणि प्रोजेक्टरमधील कार्बनच्या कांड्या जळत असताना प्रकाश कसा सांभाळावा लागे, ते सांगितले. दुसऱ्या भेटीत त्यांनी दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली अकरा फोटो कार्डे होती आणि प्रत्येकाच्या मागे तो चित्रपट किती आठवडे चालला, हे त्यांनी निळ्या पेन्सिलीने लिहून ठेवले होते. त्यांनी त्यांतील चारच मला दिली. उरलेली नातवासाठी राखली आणि तेच योग्य होते.

जुन्या वाड्यातील सामान घेत असाल, तर ते देणारी व्यक्ती खरोखर मालक आहे आणि घरातील इतरांची संमती आहे, याची खात्री करून घ्या. वाटण्या न झालेल्या घरातून घेतलेली पेटी पुढे डोकेदुखी ठरते.

५. अस्सल वस्तू कशी ओळखावी

हा भाग सावकाश वाचा, कारण नवखे लोक सर्वाधिक येथेच फसतात.

मी स्वतः एका विक्रेत्याकडून पन्नासच्या दशकातील एका गाजलेल्या चित्रपटाचे पोस्टर मूळ प्रदर्शनाच्या वेळचे म्हणून घेतले होते. कागद जुना होता, घड्या खऱ्या होत्या, रंगही उतरलेले होते. आमच्या शेजारी नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयातून निवृत्त झालेले एक काका राहत असत. त्यांनी पोस्टराच्या चित्राकडे पाहिलेही नाही. त्यांनी भिंग सरळ खालच्या कडेवर, मुद्रकाच्या नावाच्या बारीक ओळीवर ठेवले आणि ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. पत्त्याच्या शेवटी मुंबईचा सहा आकडी पिनकोड होता. पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पोस्टर बनावट नव्हते, परंतु ते चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा छापलेले होते आणि मी मूळ पोस्टराचे पैसे मोजले होते. त्या दिवसापासून कोणतीही वस्तू हाती आली की मी तिची खालची कड प्रथम वाचतो. पुढील खुणा मी त्याच सवयीतून जमवल्या आहेत.

किंमत पाहा. पुस्तिकेवर किंमत आण्यांत असेल तर ती बहुतेक १ एप्रिल १९५७ पूर्वीची असते, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे छापले असेल तर ती १९५७ ते १९६४ या काळातली समजावी, कारण १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. शिल्लक प्रती नंतरही विकल्या जात, हे ध्यानात ठेवून एखाद्या वर्षाची सूट द्यावी.

शहराचे नाव पाहा. मराठी मजकुरात मुंबई हे नाव पूर्वीपासून आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. इंग्रजी मजकुरात मात्र ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल, तर तो कागद १९९५ नंतरचा धरावा.

छपाई पाहा. जुन्या शिळाछापाच्या पोस्टरावर भिंग धरले तर खडूने रेघाटल्यासारखा खरबरीत, अनियमित पोत दिसतो. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे नियमित मांडलेले दिसतात. संगणकीय छपाईत अतिशय बारीक ठिपके विस्कटलेले असतात. जुने म्हणून विकल्या जाणाऱ्या पोस्टरावर हा तिसरा प्रकार दिसला, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

घड्या पाहा आणि बोटांनी चाचपा. त्या काळी पोस्टरे घडी घालूनच गावोगावी जात, म्हणून जुन्या पोस्टराला घड्यांच्या खुणा असणे स्वाभाविक आहे. नकलेवर त्या घड्यांचे छायाचित्र छापलेले असते. डोळ्यांना घडी दिसते, पण बोट फिरवले तर कागद सपाट लागतो.

पिवळेपणा पाहा. कागद कडांकडून आत पिवळा पडत जातो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो.

नाशिकमध्ये आणखी एक सापळा हमखास आढळतो. फाळक्यांचे गाव म्हणून १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे चकचकीत रंगीत पोस्टर कोणीतरी मोठ्या किमतीला दाखवतो. बाबूराव पेंटर यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानले जाते, एवढे लक्षात ठेवले तरी असा व्यवहार तुम्ही टाळाल. भिंतीवर लावण्यासाठी नक्कल घेण्यात काहीच वावगे नाही, मात्र ती नकलेच्या भावात घ्यावी.

६. व्यवहार करताना

भाव करताना स्थितीकडे लक्ष द्या. कडेचा लहानसा फाटलेला भाग फारसा त्रासदायक नसतो, परंतु चेहऱ्यावरून गेलेली चीर, मागून लावलेली चिकटपट्टी आणि कातरलेली खालची कड यांनी वस्तूचे मोल बरेच घटते. खालची कड कातरली की मुद्रकाची ओळच नाहीशी होते.

पावती अवश्य घ्या. रद्दीवाला पावती देणार नाही, तेव्हा तारीख, ठिकाण आणि दिलेली रक्कम स्वतः लिहून ठेवा. घरबसल्या मागवत असाल तर विक्रेत्याकडून चारही कोपऱ्यांची, मागच्या बाजूची आणि खालच्या कडेची छायाचित्रे मागवा. जो ही छायाचित्रे देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही.

७. घरी आणल्यानंतर

नवी वस्तू लगेच संग्रहात ठेवू नका. ती वेगळ्या पाकिटात दोन आठवडे ठेवा आणि कसर किंवा वाळवीची भुकटी पडते का, ते पाहा. मग कोरड्या कुंचल्याने मध्यापासून कडांकडे हलकी धूळ झाडा. पाणी, खोडरबर आणि ओले फडके यांना हात लावू नका.

लॅमिनेशन कधीही करू नका. माझ्याकडे आणे छापलेली एक सुंदर पुस्तिका होती. ती टिकावी या भाबड्या समजुतीने मी तिचे मुखपृष्ठ एका दुकानातून लॅमिनेट करून घेतले. तापलेल्या रुळातून बाहेर येताना लाल रंग शेजारच्या पिवळ्यात किंचित पसरला आणि प्लॅस्टिक कागदाशी एकजीव झाले. ते आता निघत नाही. चिकटपट्टीचेही तेच होते. काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो. बाइंडिंगवाल्याकडे दुरुस्तीला देणेही टाळा, कारण कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे आणि ते कागदाला मानवत नाही. फाटलेला कागद तसाच आम्लरहित पुठ्ठ्यावर, पाकिटात ठेवावा. फार मौल्यवान वस्तू असेल, तरच कागदसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे न्यावी.

पुस्तिकेच्या टाचण्या गंजल्या असतील तर त्या हळुवार सरळ करून काढाव्यात आणि त्याच छिद्रांतून पांढरा सुती दोरा ओवावा. नेहमीच्या फायलींतील मऊ, वास येणारे प्लॅस्टिक वापरू नये, कारण ते छायाचित्राला चिकटते. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत.

८. नाशिकचा पावसाळा

आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते आणि जून ते सप्टेंबर दमट होते. कागदाला हा चढउतारच सर्वाधिक बाधतो. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वीतभर वर असावे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. सिलिका जेल रंग बदलले की वाळवून पुन्हा वापरावे. पावसाळ्यात पाकिटे उघडू नयेत. पाऊस सरल्यावर एखादा कोरडा दिवस पाहून खोलीतच, उन्हात नव्हे, सर्व वस्तू एकदा पंख्याखाली मोकळ्या कराव्यात.

सराफ बाजार, भांडी बाजार किंवा नदीकाठच्या सखल भागात राहत असाल, तर संग्रह तळमजल्यावर ठेवूच नका. गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचे पाणी लागल्याची बातमी आल्यावर पेट्या हलवायला वेळ उरत नाही.

९. कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या तीन गोष्टी

मूळ पोस्टर तुमच्या मालकीचे असले तरी त्याच्या प्रती छापून विकण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे आणि चित्रकाराच्या कलाकृतीचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. मूकपटांचा काळ आता ती मर्यादा ओलांडू लागला आहे. परदेशातील ग्राहक चढा भाव देत असेल, तरी त्या मोहात पडू नये.

तिसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. जुन्या पेटीत चित्रपटाची रिळे सापडली, तर ती घरात साठवू नका. १९५० च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही. फिल्मच्या कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल, तर ती नायट्रेट आहे असेच धरून चाला. डबा उन्हापासून आणि आगीपासून दूर ठेवा, प्रोजेक्टरवर चढवण्याचा प्रयत्न करू नका आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी लगेच संपर्क साधा. १९६४ पासून ही संस्था हेच काम करत आहे. फाळक्यांच्या मूकपटांचे फार थोडे भाग वाचले आहेत, तेव्हा नाशिकच्या एखाद्या माळ्यावरील डब्याकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

१०. नोंद

वस्तू जागेवर ठेवण्यापूर्वी तिची नोंद वहीत झाली पाहिजे. नोंद नसलेली वस्तू दहा वर्षांनी तुम्हालाही परकी वाटेल आणि तुमच्या पश्चात घरच्यांना ती रद्दीच वाटेल. नमुन्यादाखल माझ्या वहीतील एक नोंद जशीच्या तशी देतो.

“क्रमांक ८७. गाण्यांची पुस्तिका, मराठी चित्रपट. १२ पाने, किंमत २ आणे. टाचण्या काढून दोरा घातला. पान ५ वर तेलाचा डाग, पान ९ ची खालची कड फाटलेली. पंचवटीतील एका आजींकडून, वाडा रिकामा करताना, विनामूल्य. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने किराण्याची यादी : तूरडाळ, गूळ, काडेपेटी. यादी पुसायची नाही. चित्रपट दोनदा पाहिला. आजींना तिसऱ्या गाण्याची चाल अजून येते, त्यांनी ती म्हणून दाखवली.”